खालच्या शेताची नांगरट

५ मार्च १९७९, सोमवार

आज दुपारी छपरावरचे बर्फ एकदम घसरून गोठ्याच्या दारात पडले. ते पडले की हिवाळा संपला, असे बाबा म्हणायचे. कॅलेंडर काय म्हणते याच्याशी त्यांना देणेघेणे नसायचे. म्हणून आजपासून लिहायला घेतो. ही वही दूध संघाने नवीन वर्षाला दिली. एका पानावर एक तारीख आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीची पाने कोरी राहिली, ती फाडणार नाही.

कशासाठी लिहितो तेही लिहून ठेवतो. बाबा गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गेले. खालच्या शेतात नांगरत असताना ट्रॅक्टरवरच त्यांना झटका आला. नांगराची दहा तासे, म्हणजे फाळाने काढलेल्या दहा सऱ्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत पुरी झाली होती. अकरावे त्रेचाळीस पावलांवर थांबले. शेवटच्या चार पावलांत ते डावीकडे वळत गेले आहे. मी मोजले आहे. त्यानंतर जमीन गोठली आणि बाकीचे शेत तसेच पडून राहिले.

शेजारचे इग्नात्स झेलेंको दफनाला आले होते, शवपेटीला खांदाही दिला. त्यांच्याकडे दोन मोठे ट्रॅक्टर आहेत आणि आमच्या खालच्या शेताच्या तिन्ही बाजूंना त्यांचीच जमीन आहे. जानेवारीत ते आईला म्हणाले, "युलावहिनी, ते शेत मला अर्धलीने द्या. दहा वर्षं मी बघतो, निम्मा मका तुमच्या कोठारात." म्हणजे बांध मोडून ते सगळे एकत्र नांगरतील. आई म्हणाली, "बघू." ते म्हणाले, "संत युरीच्या दिवसापर्यंत बघा." आमच्याकडे जमिनीचे सगळे शब्द त्याच दिवशी दिले जातात, चोवीस एप्रिलला. तोपर्यंत शेत आम्ही नांगरलेले असेल तर प्रश्नच नाही. पडीक असेल तर हो म्हणावे लागेल.

"पोराच्या अंगावर किती टाकणार?" असेही ते म्हणाले होते. पोर म्हणजे मी. वय वीस. प्तुय शहरातल्या शाळेत यंत्रकामाची दोन वर्षे केली. तिसऱ्या वर्षी परीक्षेत हात थरथरायला लागले ते थांबेनात, म्हणून घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि धर म्हणाले.

ठरवले आहे ते असे. आधी सगळी अवजारे बाबांनी ठेवली होती अगदी तशी करायची. मग नांगरट.

८ मार्च, गुरुवार

ट्रॅक्टर धुतला, तेल बदलले. बॅटरी बाबांच्या वेळेपासूनच मेलेली आहे. त्यामुळे ट्रॅक्टर नेहमी अंगणाच्या वरच्या टोकाला, उताराकडे तोंड करून उभा असतो, पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा लावून. ठोकळा काढायचा, उडी मारून बसायचे, दुसरा गिअर टाकून उतारावर सोडायचा आणि बदामाच्या झाडापाशी क्लच सोडायचा. बाबा हे शीळ घालत करायचे. शीळ बदामापर्यंत ऐकू यायची, पुढे इंजिनच ऐकू यायचे. लहानपणी मी अंथरुणातून हे ऐकायचो आणि पुन्हा झोपायचो.

मापे लिहून ठेवतो. सीटच्या पट्टीला पाच भोके आहेत. बाबांची सीट सगळ्यात मागच्या, पाचव्या भोकात. बाबा एकशे अठ्ठ्याऐंशी होते. मी एकशे एकाहत्तर आहे, त्यामुळे क्लचला फक्त पायाची बोटे पोचतात. सवय होईल. गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याची मूठ जमिनीपासून एकशे दोन सेंटीमीटरवर, म्हणजे बाबांच्या कमरेशी. ठोकळ्याची रंगवलेली बाजू वर.

खोपटाच्या दारावर त्यांच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा आहे. दार पुसले, तेवढी जागा सोडून.

जेवताना आईला सांगितले की सीट पाचव्या भोकातच राहणार. तिने माझ्या ताटात मक्याचा सांजा वाढला, त्यावर भोपळ्याच्या बियांचे तेल घातले आणि म्हणाली, "बरं."

१२ मार्च, सोमवार

नांगराचा फाळ बोथट झाला आहे. तो गोणपाटात गुंडाळून कोर्लकाकांकडे नेला. तिठ्यावर त्यांचा भाता आहे. लोहारकाम त्यांनी सोडल्याला सहा वर्षे झाली, पण बाबांचे काम करायचे.

"एवढा जपून आणलायस," ते म्हणाले. "बाळंतपणाला आणलंय का याला?"

मी म्हणालो, घाई नाही, पण काम नीट व्हायला हवे. टोकाचा कोन बाबांनी ठेवला होता तसाच हवा. त्यांनी फाळ उजेडात धरून पाहिला, मग मला पाहिले.

"फाळाला घाई नसतेच, इंजिनियरसाहेब. जमिनीला असते."

निघताना त्यांनी विचारले, "युलाची उंची किती रे?" मी म्हणालो एकशे अठ्ठावन्न, का बरं? "सहज. घरात जुने रबरी बूट पडलेत माझे." बुटांसाठी उंची कशाला लागते ते कळले नाही, पण म्हाताऱ्या माणसाला काय विचारणार.

१९ मार्च, सोमवार

संत जोसेफचा दिवस, म्हणून लोखंडाला हात लावला नाही. आईने द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या गोळा केल्या. मी नांगरटीनंतर ढेकळे फोडायच्या दाताळाचे दात मोजले. बावीस, त्यातले सात वाकडे.

दाताळ पाहिले की मला एकच दिवस आठवतो. मी सहा-सात वर्षांचा असेन. तेव्हा आमच्याकडे घोडी होती. बाबांनी वजन म्हणून मला दाताळावर बसवले होते. जमीन माझ्या खालून सरकत होती, ढेकळे फुटत होती. बाबा पुढून न वळता म्हणायचे, "जड हो, फेलिक्स, जड हो." आणि मी श्वास कोंडून जड व्हायचा प्रयत्न करायचो.

२२ मार्च, गुरुवार

डिझेल कमी झाले आहे. टाकीत काठी घालून मोजले. दहा तारखेला एकवीस बोटे होते, आज अठरा. ट्रॅक्टर हललेला नाही, म्हणजे कुठेतरी गळते आहे. टाकीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. काल सकाळी आईने मला प्तुयला पाठवले होते, नांगर उचलायच्या यंत्राचे रबरी सील आणायला. आणले, तर ती म्हणाली हे जरा जाड दिसतंय, बदलून आण. मला ते बरोबर वाटत होते, पण बाबांच्या हाताखाली ती बारा वर्षे सामान धरत आली आहे, तिलाही डोळा असेल. पुढच्या बुधवारी पुन्हा जाईन. सायकलने जाऊन येऊन चार तास मोडतात.

आणखी एक. ठोकळ्याची रंगवलेली बाजू खाली होती.

२८ मार्च, बुधवार

वर्तमानपत्र कोरडे. डिझेल पंधरा बोटे.

सील बदलून आणले. दुकानदार म्हणाला आधीचेच बरोबर होते. आई म्हणाली, "असू दे मग. दोन असलेली बरी."

घरी येऊन ट्रॅक्टरवर बसलो आणि धक्का बसला. पाय क्लचला पूर्ण पोचला. खाली वाकून पाहिले तर सीट दुसऱ्या भोकात. मीच पुसताना काढून चुकीची बसवली असणार. परीक्षेतही असेच झाले होते, हातांनी काय केले ते डोक्याला नंतर कळले. सीट परत पाचव्यात लावली, बोल्टवर खडूने रेघ मारली.

३ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस गळती शोधली. नळी काढून साबणाच्या पाण्यात फुंकली, टाकीचा सांधा डाग देऊन पक्का केला. काहीच सापडले नाही. कोर्लकाका फाळ घेऊन आले होते, ते ओट्यावर बसून सफरचंदाचा आसव पीत माझे फुंकणे बघत होते.

"कुठे जातं हे डिझेल?" मी विचारले.

"डिझेल जातं तिथेच," ते म्हणाले. "कामाला."

आई आतून म्हणाली, "काका, तुम्हाला अजून घालू का, की पुरे?" तिचा आवाज जरा चढलेला होता. त्यांनी पेला पुढे केला.

फाळ सुंदर झाला आहे. नांगराला लावला, पूर्ण पात्याला ग्रीस चोपडले, गंज चढू नये म्हणून.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये आशीर्वाद घेतलेल्या डहाळ्यांच्या जुड्यांतली आईने गोठ्यात एक, मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी एक आणि ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगच्या चाकाच्या दांड्याला एक बांधली. बाबा ती दिव्याच्या वर बांधायचे. तिने खाली, हात पोचेल तिथे बांधली. मी वर सरकवली.

तिच्या रुमालाला डिझेलचा वास येत होता. डिझेलचा डबा रुमालाजवळच्या खुंटीवर टांगू नकोस असे मी तिला सांगितले. म्हणाली, "लक्षात ठेवीन."

११ एप्रिल, बुधवार

आज मला स्वतःची लाज वाटते आहे. सकाळी प्तुयहून येताना (आईला ग्रीसच्या पंपाची नळी बदलायला हवी होती, जुनी चांगली होती) जंगलामागच्या वाटेने आलो. तिथे आमची बटाट्याची पट्टी आहे. आई म्हणाली होती की ती पट्टी मी कुदळीने करते, तू तुझं चालू दे. मला वाटले होते चारदोन ओळी झाल्या असतील. सगळी पट्टी खोदून झाली आहे. माती खोल, काळी, उलटून एका अंगावर पडलेली, इतकी सारखी की नांगरल्यासारखी. एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटरच्या बाईने हे एकटीने केले, आणि मी बोल्टवर खडूच्या रेघा मारत बसलो.

तिच्या तळहाताला फोड आले आहेत. मी विचारले तर म्हणाली, "दांडा नवा आहे." कुदळीचा दांडा जुना आहे, तो मी ओळखतो.

नांगराच्या पात्यावरचे ग्रीस निघून गेले आहे, पाते आरशासारखे झाले आहे. उंदरांनी चाटले असणार. पुन्हा लावले.

१३ एप्रिल, शुभ शुक्रवार

आज माती हलवायची नसते. आईबरोबर ओट्यावर बसून बियाण्याचा मका सोलला, आणि पाच महिने पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.

घरधनी गेला की घरातल्या कुणीतरी त्याच दिवशी गुरांना आणि मधमाश्यांना जाऊन सांगायचे असते. जुने धनी गेले, आता अमुक धनी. नाव घ्यावेच लागते, नाहीतर गुरे मरतात, माश्या उडून जातात. नऊ नोव्हेंबरला मी गोठ्यात गेलो. शेका आणि सिव्का या दोन्ही गाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. "बाबा गेले," एवढे मी म्हणालो. पुढचे वाक्य आले नाही. माझे नाव माझ्या तोंडून निघेना. पोळ्यांपाशीही तसेच. तेव्हापासून जे जे बिघडले, शेकाने लाथ मारली, एक पोळे फेब्रुवारीत रिकामे झाले, डिझेल, सीट, ते सगळे त्यानेच झाले असे मला वाटते.

आईने कणीस खाली ठेवले नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी दारात उभी होते."

"मग?"

"तू गेल्यावर मी सांगितलं."

"कुणाचं नाव सांगितलंस?"

"घरात किती माणसं आहेत, फेलिक्स?" असे म्हणून तिने सालांची टोपली उचलली.

म्हणजे तिने माझे नाव घेतले. बाबांसारखा धनी. मला वाटले होते हे ऐकून बरे वाटेल. छातीवर कुणीतरी दाताळ ठेवून त्यावर बसल्यासारखे वाटते आहे.

१६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

झेलेंको बायकोने केलेली अक्रोडाची पोळी घेऊन आले. आईने हॅम आणि किसलेला तिखट मुळा वाढला. ते जेवले, मग अंगणात जाऊन ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली.

"फेलिक्स, हा तर चर्चमधल्या वेदीसारखा चमकतोय. याला आता शेतात नेणार, की याच्यापुढे मेणबत्ती लावणार?"

मी म्हणालो, दाताळाचे दोन दात राहिलेत.

"दात राहू देत. जमीन वाळत आली, बाळा. माझा मका आठवड्याने जमिनीत पडेल." मग आईकडे वळून, "वहिनी, मी वाईट माणूस नाही. पडीक शेत बघवत नाही, एवढंच."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "युरीला अजून आठ दिवस आहेत."

"आठ दिवसांत काय होणार आहे?"

"आठ दिवस होतील," आई म्हणाली. ते हसले. आई हसली नाही.

१९ एप्रिल, गुरुवार

दाताळ पूर्ण झाले. आता काही राहिले नाही. सकाळी ठोकळा काढला, बदामापाशी क्लच सोडला, इंजिन लागले. नांगर लावून खालच्या शेतात गेलो. जमीन ओली होती म्हणून परत आलो.

हे खरे नाही. वहीत खोटे लिहायचे तर वही कशाला. जमीन अगदी बरोबर होती, मुठीत दाबली की ढेकूळ व्हायचे आणि बोटाने टोचले की फुटायचे. मी उजवे चाक दहाव्या तासात घातले आणि बांधापासून हळूहळू पुढे गेलो. शेजारी अकरावे होते. त्याच्या कडेला पिवळी फुले आली आहेत. पावसाने कडा गोल झाल्या आहेत पण ते अजून दिसते. त्रेचाळीस पावले, शेवटची चार डावीकडे. नांगर खाली सोडायचा दांडा माझ्या हातात होता. मनात आले की आता हा सोडला की संध्याकाळपर्यंत बाबा कुठे थांबले ते कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. तिथे बसून राहिलो. क्लच दाबून धरल्याने पोटरीत गोळा आला. मग नांगर वरच ठेवून वळवला.

आईने विचारले नाही. मला वाटते तिला इंजिनच्या आवाजावरून कळले. नांगर ओढतानाचा आवाज वेगळा असतो.

२० एप्रिल, शुक्रवार

पाऊस नव्हता. काहीही केले नाही.

२१ एप्रिल, शनिवार

आईने बियाणे बदलून आणायला पाठवले. तिसऱ्या टेकडीवर सायकलची साखळी तुटली. हातात सायकल धरून परत आलो तेव्हा दहा वाजले असतील. अंगणाच्या वरच्या टोकाला ट्रॅक्टर नव्हता. नुसता ठोकळा होता.

आईला हाका मारल्या, ती घरात नव्हती. पळत कोर्लकाकांकडे गेलो.

"काका, ट्रॅक्टर चोरीला गेला. नांगरासकट."

ते भोपळ्याच्या बिया खात बसले होते. "नांगरासकट? मेहनती चोर दिसतो."

"चौकीत जाऊ का?"

"थांब. आधी वर्णन घेऊ. चोराच्या डोक्याला निळ्या फुलांचा रुमाल आहे का?"

त्यांनी टरफले झटकली, माझ्या दंडाला धरले आणि जंगलामागच्या वाटेने घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "मी तिला म्हणत होतो, सांग पोराला. ती म्हणायची, तो त्या सीटवर बाबांना बसवून ठेवतोय, मी कुठल्या तोंडाने उठ म्हणू त्यांना."

बटाट्याच्या पट्टीच्या वरचा तुकडा गेली चार वर्षे गवताखाली होता. आई तो नांगरत होती. सीट पार पुढे, पायात काकांचे बूट, बोळे कोंबलेले असतील तरी ते हलत होते. टोकाला आली की नांगर उचलायची, उभी राहून चाक फिरवायची, परत बसायची. तासे सरळ होती. ती समोर वाळलेल्या ओककडे बघत होती, मागे नाही. बाबा नेहमी हेच सांगायचे, समोर खूण धर, मागे बघू नकोस. मला हजारदा सांगितले. तिलाही ऐकू येतच असणार, ती तिथेच तर असायची.

आम्ही झाडांत उभे राहिलो. ती शीळ घालत होती की काय ते इंजिनमुळे कळले नाही, पण ओठ तसे होते.

गोठ्यात तिने कुणाचे नाव घेतले ते मला तिथे समजले. खरे लिहायचे तर वाईट वाटायला हवे होते. हलके वाटले. घरी आलो आणि ती यायच्या आत साखळी दुरुस्त करत बसलो.

२२ एप्रिल, रविवार

जेवणाच्या टेबलावर बोललो. मी म्हणालो, "सीट दुसऱ्या भोकात होती."

"पहिल्यात," आई म्हणाली. "दुसऱ्यात असताना पाय दुखायचा."

"किती दिवस?"

"तुझ्या पहिल्या सीलपासून." ती ब्रेड कापत होती. "पहिल्या दिवशी बदामाला धडकले. साल निघालीय, बघ जाऊन. तू सगळं मोजतोस, तेवढं राहिलं."

मी विचारले, बाबा असताना का नाही शिकलीस?

"मी विचारलं नाही. त्यांनी दिला नाही. दोघांचंही चुकलं." मग ब्रेड माझ्याकडे सरकवून, "ते असते तर मी आजही सामानच धरलं असतं. हे बरं की वाईट, मला कळत नाही, फेलिक्स. काही सकाळी मला तिकडे वर फार मजा येते. आणि मग इतकं रडू येतं की चाक दिसत नाही."

मी म्हणालो, "माझाही पाय पोचत नाही."

"मग पुढे घे. भोकं कशाला पाडलीत?"

मग तिने विचारले की गुरुवारी शेतात काय झाले. सांगितले. अकराव्याचे सांगितले. ती बराच वेळ चाकूवरचे चुरे गोळा करत राहिली.

"मला वाटलं होतं मीच एकटी जाते तिथे," ती म्हणाली.

२३ एप्रिल, सोमवार

उजाडताच निघालो. आई चालवत होती, मी मागे चालत. जुन्या पद्धतीत एक जण तासातून मागे चालतो, दगड उचलतो, खोली बघतो. तिने उजवे चाक दहाव्यात घातले आणि त्या त्रेचाळीस पावलांवरून नांगर वर धरून गेली. मातीला लागू दिला नाही. जिथे ते डावीकडे वळून थांबले होते तिथे आली, ब्रेक दाबला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले.

"इथेच ना?"

मी हात वर केला. तिने नांगर सोडला. पाते आत गेले, इंजिनचा आवाज खाली बसला, माती वळून पडली आणि तास पुढे निघाले. मी त्यातून चालत गेलो. थंड माती, तळव्याला कळते इतकी थंड, आणि तो वास. बांधावर पोचलो तेव्हा अकरावे पूर्ण झाले होते. निम्मे त्यांचे, निम्मे तिचे. मध्ये चार पावलांची वळी आहे. ती कुणी काढली नाही.

बारावे, तेरावे करत ती दुपारपर्यंत चालवत राहिली. जेवल्यावर बांधावर उतरली आणि म्हणाली, "आता तू."

सीट तिसऱ्या भोकात घेतली. पाय पूर्ण पोचला. हात थरथरत होते, पण चाकच इतके थरथरते की त्यात ते दिसले नाहीत. समोरच्या नाशपातीवर नजर धरली. निम्म्यावर गेल्यावर मला वाटले आई बरी चालते आहे ना बघावे, आणि मागे पाहिले. ती माझ्या तासातून बूट हातात घेऊन अनवाणी येत होती, एखाद्या मुलीसारखी. तेवढ्यात चाक सरकले.

माझे तास वाकडे आले. चांगलेच वाकडे. पुढची पाच-सहा आईने हळूहळू सरळ करत आणली, मग पुन्हा मी बसलो. सहा वाजता शेवटच्या बांधाला लागलो.

२४ एप्रिल, मंगळवार, संत युरी

नऊ वाजता झेलेंको बांधाबांधाने आले. आम्ही दाताळ मारायला ट्रॅक्टर घेऊन खाली गेलो होतो, मी दाताळ जोडत होतो. ते शेताच्या कडेला उभे राहिले आणि खूप वेळ बघत राहिले. काळे शेत, वर वाफ.

"म्हणजे उत्तर मिळालं," ते म्हणाले.

"बांध राहू दे, इग्नात्स," आई म्हणाली. तिने त्यांना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"राहू दे." त्यांनी वाकून एक ढेकूळ उचलले, चुरडले. "खोली चांगली धरलीय. कुणी केलं हे? कोर्लने?"

"आम्ही," आई म्हणाली.

त्यांचे डोळे एकेक तास मोजत सरकत होते. मला माहीत होते ते कुठे थांबणार. थांबले.

"आणि हे मधलं कुणाचं? रात्री कोल्हा फिरून गेला की काय?"

आईने तोंड उघडले होते. मी आधी बोललो.

"माझं."

ते हसतील असे वाटले होते. त्यांनी टोपी मागे सारली, पुन्हा एकदा त्या वाकड्या तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

"दहा वर्षं लागतात सरळ यायला," ते म्हणाले.

"आहेत की," आई म्हणाली.